सातव्या मतदारसंघाच्या वहीतलं शेवटचं पान

घर तापवणारी तळघरातली भट्टी धप्पकन पेटली, जमिनीतली लोखंडी जाळी थरथरली, आणि स्वयंपाकघरातली शांतता तेवढ्यानं मोडली. नोरीननं दचकून मागं पाहिलं. तिचे वडील, वेंडेल स्ट्रॉकमायर, पाऊण तास टेबलाशी तसेच बसले होते. समोर काळ्या पुठ्ठ्याची वही, हातात शाईत बुडवायचं पेन. पानावर वरती एकच ओळ होती: सातवा मतदारसंघ, १९८२.

"ठरलं," ते म्हणाले. "हर्शेल डॉट्रीनं मतपत्रिका बदलल्या, असं लिहितो. मैत्री गेली खड्ड्यात."

नोरीननं हातातली बशी ओट्यावर ठेवली. "आजच लिहायला हवं का, बाबा?"

"मग कधी? शनिवारी वाचनालयाची बाई वह्या न्यायला येतेय. अर्धं पान कोरं ठेवून देऊ तिला?"

बर्फामुळे शाळेला सुट्टी होती. नोरीनची सहा वर्षांची क्रिस्टा टेबलाखाली पालथी पडून रंगखडूनं घोडा रंगवत होती. घोडा हिरवा होता.

अशा वह्या एकूण पाच होत्या. वेंडेलनी तीस वर्षं गावच्या धान्यकोठीवर वजनकाट्याशी काढली. त्यांनी केलेलं वजन पुन्हा करून बघा, असं म्हणायची पाळी कुठल्या शेतकऱ्यावर आली नाही. आणि संध्याकाळचे तास त्यांनी काढले कोर्टाच्या तळघरात, जुनी वर्तमानपत्रं उलगडत. सातव्या मतदारसंघातली १८७४ पासूनची प्रत्येक निवडणूक त्यांनी उतरवून घेतली होती. एका निवडणुकीला एक पान. कोण उभं राहिलं, कुठल्या गावानं किती मतं दिली, आणि सगळ्यात खाली त्या दिवशीची हवा आणि रस्ते. "निवडून कोण आलं ते कुठंही सापडेल," ते म्हणायचे. "चिखल किती होता, ते मीच सांगणार."

नोरीनला लहानपणीच्या परीकथा फारशा आठवत नाहीत. आई लवकर गेली. झोपताना तिला मतदारसंघ ऐकायला मिळायचा. १९१८ चं पान तिचं सगळ्यात लाडकं. साथीच्या तापामुळे त्या वर्षी लोकांनी चर्चच्या खिडकीतून हात आत घालून मतं दिली, आणि निवडून आलेला माणूस शपथ घेण्याआधीच त्याच तापानं गेला. मग पुन्हा निवडणूक लागली तेव्हा पडलेल्या उमेदवारानं एकही भाषण केलं नाही. मेलेल्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला हिवाळ्याची लाकडं तेवढी फोडून दिली. भरघोस मतांनी आला. छोटी नोरीन दर वेळी विचारायची, "किती लाकडं, बाबा?" आणि वेंडेल दर वेळी प्रामाणिकपणे सांगायचे, "ते छापून आलेलं नाही."

मग १९३२, बँका बुडाल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकन असलेली जर्मन शेतकऱ्यांची गावं एका दिवसात डेमोक्रॅटांकडे उलटली. वीस वर्षांनी ती परत फिरली. १९६६ साली राजधानीतल्या साहेबांनी नकाशावर कात्री चालवली. नदीपलीकडची तीन गावं तोडली, दगडाच्या खाणीचा पट्टा जोडला. तेव्हापासून सातवा मतदारसंघ टाच झिजलेल्या बुटासारखा दिसतो. खाणवाल्यांच्या जोरावर डेमोक्रॅट प्रूएट १९७० मध्ये आले आणि बारा वर्षं टिकले. यंदा पडले. चौदा मतांनी.

फेरमोजणी झाली. तिच्यात या गावच्या तेवीस मतपत्रिका बाजूला निघाल्या.

मतदान चर्चच्या तळघरात होतं. टेबलाशी दोन कारकून बसतात, दोन पक्षांचे. मतपत्रिका देण्याआधी तिच्या पाठीवर दोघांनीही आपली आद्याक्षरं घालायची. एकाची जरी नसली तरी ती मतपत्रिका बाद, मग आत मत कुणालाही असो. डेमोक्रॅटांकडून वेंडेल, रिपब्लिकनांकडून हर्शेल. चौतीस वर्षं दोघं त्याच दोन खुर्च्यांवर, एकाच डब्यातलं खात बसले. "कोंबडीनं उकरल्यासारखं अक्षर तुझं," हर्शेल म्हणायचा. "तुझ्या पक्षापेक्षा सरळ आहे," वेंडेल म्हणायचे. या तेवीस मतपत्रिकांवर हर्शेलची अक्षरं होती, वेंडेलची नव्हती. सगळ्या संध्याकाळच्या, खाणीची पाळी सुटल्यावरच्या. म्हणजे बहुतेक प्रूएटांच्याच.

खऱ्या काढून हर्शेलनं या पेटीत घातल्या, असं गावानं मनाशी ठरवलं; मोठ्यानं कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे तसं बोलत नाहीत. रविवारी प्रार्थनेनंतर कॉफीच्या वेळी हर्शेलच्या टेबलाशी कुणी बसलं नाही, एवढंच.

मागच्या पायऱ्यांवर कुणीतरी बूट आपटून बर्फ झाडला. खिडकीतून हर्शेलची चौकडीची टोपी दिसली.

"त्याला सांग, मी घरात नाही," वेंडेल म्हणाले.

"बाबा, तुम्ही दिसताय त्यांना."

"मग सांग, असून नाही."

नोरीननं कोट खांद्यावर टाकला आणि दार ओढून घेत बाहेर आली. हर्शेलच्या हातात फडक्यात गुंडाळलेला केक होता. नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"लिहितोय का?"

"हो. तुमच्यावर."

कुणी उद्याचं हवामान सांगावं तशी हर्शेलनं मान हलवली. "लिहू दे."

"काका, तुम्ही केलंत का ते?"

"वेडी का काय गं? चौतीस वर्षांत त्याच्या वाट्याचा बटाटा नाही उचलला मी." केक त्यानं या हातातून त्या हातात घेतला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी बघितलं होतं, पोरी. साडेपाचनंतर. पेन हातात, हात फिरतोय, पण टोक कागदाला टेकतच नाही. हवेत लिहीत होता तो."

"मग बोलला का नाहीत?"

"सकाळी दोनदा बोललो. 'वेंडेल, राहिलं बघ.' दोन्ही वेळा त्याचे कान असे लाल झाले ना, की मलाच लाज वाटली. संध्याकाळी समोर खाणीवरची तीस माणसं उभी, सगळ्यांच्या घरचं धान्य त्यानं मोजलेलं. त्यांच्यासमोर तिसऱ्यांदा कसं बोलू? म्हटलं, टेकलं असेल, माझाच चष्मा जुना."

"आणि फेरमोजणीच्या वेळी?"

"शपथेवर काय सांगू? वेंडेल स्ट्रॉकमायरचं डोकं आता साथ देत नाही, असं? त्यातून जिंकलाय माझा पक्ष. मी काहीही म्हटलं तरी लोक म्हणणार, बघा, वर मित्रावर ढकलतोय." त्यानं खांदे उडवले. "माझ्या बायकोला माहितेय मी कोण आहे ते. बास झालं."

नोरीन एकदम बोलून गेली, "काका, मीही बघितलं होतं."

हे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

कारकुनानं मतदाराचं नाव विचारायचंच, समोर पोटची पोर असली तरी, असा नियम. नोरीननं पहिलं मत दिलं त्या वर्षी वेंडेलनी करड्या आवाजात विचारलं होतं, "आपलं नाव?" आणि तिनं मान ताठ करून सगळं नाव सांगितलं होतं. वेंडेलच्या मिशीखाली हसू मावत नव्हतं. तेव्हापासून दर निवडणुकीला बापलेकीचा हा खेळ चालायचा. यंदा ती कामावरून थेट आली, क्रिस्टाला हाताशी धरून.

"आपलं नाव?"

"नोरीन ॲन हॅकमन, साहेब."

मिशी हलली नाही. यादीवर त्यांचं बोट फिरलं, थांबलं. मग परक्या बाईशी बोलावं तितक्या नम्रपणे त्यांनी विचारलं, "या भागात नव्या का?"

"आजोबा, ही माझी आई आहे!" क्रिस्टा ओरडली. रांगेत हशा पिकला. वेंडेलही हसले, पण उशिरा, आधी इतरांचे चेहरे बघून. मतपत्रिका हातात आली की आधी उलटी करून दोन्ही अक्षरं बघायची, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. तिनं उलटी केली नाही. तिला फक्त पडद्याआड जायचं होतं, जिथं कुणाला तिचा चेहरा दिसणार नाही. आणि तो दिवस उजाडायच्या कितीतरी आधी तिला कळायला हवं होतं. उन्हाळ्यात दोनदा ते चर्चमधून घरी यायची वाट चुकले होते. पण "एवढी एक निवडणूक," म्हणाले, आणि सकाळी सहाला तिनंच त्यांना गाडीनं नेऊन सोडलं.

हर्शेलनं सगळं ऐकून घेतलं. "मग आपण दोघं सारखेच की," तो म्हणाला. "जा, आत जा. थंडी आहे. मी थांबतो."

वेंडेलनी पेन शाईत बुडवून टिपकागदावर टेकून पाहिलं होतं. नोरीन समोरची खुर्ची ओढून बसली.

"पेन ठेवा, बाबा."

"का? फितवलं वाटतं तुला? केक कुठला होता, सफरचंदाचा?"

"हर्शेलकाकांनी काही केलेलं नाही. तुमच्या सह्या राहिल्या."

"माझ्या?" ते हसले. "माझ्या कधी राहिल्यात?"

"मी आले होते त्या संध्याकाळी. तुम्ही मला नाव विचारलंत."

"नियम आहे तो. विचारायचंच."

"'या भागात नव्या का' हे नियमात नाही, बाबा."

वेंडेलनी तिच्याकडे पाहिलं. काट्यावरचा आकडा पुन्हा वाचून बघावा तसं.

"असं म्हणालो मी?"

"हो."

"तुला?"

"हो, बाबा."

त्यांनी पेन आडवं ठेवलं. उजवा हात उलटासुलटा करून बघितला. "ती संध्याकाळ मला आठवत नाही, नोरीन," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, थकलो असेन. मग तेवीस निघाल्या म्हणतात म्हटल्यावर... दुसरा कोण असणार? मी तर असूच शकत नव्हतो." मग म्हणाले, "चौदानं पडले ना प्रूएट?"

"चौदा."

"आणि तेवीस." आकडे त्यांना अजून सोडून गेले नव्हते. "म्हणजे मी पाडलं त्यांना. एकशे आठ वर्षं लिहिली मी या मतदारसंघाची, आणि शेवटच्या पानावर स्वतःच जाऊन बसलो."

नाही म्हणावं असं तिला फार वाटलं. खोटं ठरलं असतं. तिनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला, तापात क्रिस्टाच्या कपाळावर ठेवते तसा, आणि तिथंच राहू दिला.

मग वेंडेलनी वही तिच्याकडे सरकवली. "तू लिही. माझा हात टेकतो की नाही, कोण जाणे."

ते सांगत गेले, ती लिहीत गेली. दोन्ही उमेदवार. गावागणिक मतं, एकही आकडा न चुकता. मग ते थांबले, आणि घसा खाकरून म्हणाले, "तेवीस मतपत्रिका बाद. कारकून वेंडेल ऑगस्ट स्ट्रॉकमायर यांनी त्यांवर आद्याक्षरं घातली नाहीत. पूर्ण नाव घाल, ऑगस्ट गाळू नकोस. पुढची वेगळी ओळ: शेजारचे कारकून हर्शेल डॉट्री यांनी आपलं काम चोख केलं."

"घातली."

"आता..." ते खिडकीकडे बघत राहिले. "त्या दिवशी हवा कशी होती गं?"

नोरीननं पेन पुन्हा शाईत बुडवलं. "धुकं होतं, बाबा. रस्ते कोरडे."

"धुकं. रस्ते कोरडे. लिही." डोळे पुसून ते उठले, स्वतः दाराशी गेले आणि दार उघडलं. "ये रे आत, चोरा. गारठून मेलास तर तेही माझ्याच नावावर लागेल."

"केक थिजलाय," हर्शेल म्हणाला. "दात शिल्लक असतील तर खा."

तो आत आला. दोघांपैकी कुणीही माफी मागितली नाही. हर्शेलनं टेबलावरची वही बघितली, चष्मा वर सारून ते पान वाचलं, आणि "ऑगस्ट?" असं म्हणाला. "चौतीस वर्षांत सांगितलं नाहीस." मग पाठ फिरवून खणात सुरी शोधायला लागला, आणि बराच वेळ शोधत राहिला.

वेंडेल खुर्चीत बसले. हर्शेल केक कापू लागला. टेबलाखालून क्रिस्टा बाहेर आली, हिरव्या बोटांनी आईच्या मांडीला धरून उभी राहिली. तिनं सगळं ऐकलेलं होतं.

"आई, त्या तेवीस कागदांत तुझा पण होता?"

"असणार, बाळा."

"तो मोजला नाही?"

"नाही."

क्रिस्टानं विचार केला. "पण मी बघितलं ना, तू पडद्यामागं गेलीस. पेटीत टाकलास पण." तिच्या कपाळाला आठी पडली. "मग तू मत दिलंस, की नाही दिलंस?"

हर्शेलची सुरी थांबली. वेंडेलनी वर पाहिलं. नोरीननं तोंड उघडलं, वडिलांकडे बघितलं, आणि पोरगी उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली.