बावीस वाव

मी एक जुने स्टॉपवॉच आहे. किल्लीचे, पितळी अंगाचे, सेकंदाचा दहावा भाग दाखवणारे. मित्रांनो, माझ्या काचेवर एक चरा आहे आणि मनात दोन वर्षे सूड होता. चरा अजून आहे. सुडाचे काय झाले, ते सांगते.

कारखान्यात मला अर्धा तास चालवून पाहिले. चूक दोन दशांश सेकंदांच्या आत भरली, तेव्हाच माझ्या पाठीवर शिक्का पडला. बोरिवलीच्या एका शाळेत गुणाजी सर खेळ शिकवत. तीस वर्षे मी त्यांच्या गळ्यात लटकले. हरलेली मुले रुसत, सरांवर चिडत. पण मला खोटे कोणी म्हटले नाही.

निवृत्त झाल्यावर सर मला घेऊन मार्व्याहून बोटीने मनोरीला जाऊ लागले. तिथे क्लॅरिस नावाची मुलगी रग्बी खेळे. तिला देशाच्या महिला संघात जागा हवी होती. कडेने चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूसाठी निवडीची अट साधी होती : चाळीस मीटर, पाच पूर्णांक आठ सेकंदांच्या आत.

ओहोटीच्या टणक वाळूवर तिचे वडील रोनाल्ड यांनी अंतर आखून दिले. ते मासेमार, दोरी मोजायची तर वाव हे त्यांचे माप. दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे सहा फूट. सरांनी गणित केले. चाळीस मीटरला बावीस वाव. गणित बरोबर होते. रोनाल्डने बावीस वेळा हात पसरले आणि दोन टोकांना दोन बांबू रोवले.

निवड समितीकडून नेव्हिल आला. त्याच्या पिशवीत मोजायची टेप होती. मी ती पाहिली. त्याने ती बाहेर काढली नाही.

"अंतर किती रे, रॉनी?"

"बावीस वाव. चाळीस मीटर. माझ्या हातांनी मोजलंय."

नेव्हिलने तसेच लिहून घेतले. क्लॅरिस धावली. मी दाखवले : सहा पूर्णांक एक.

"पोरगी आहे की कासव?" तो हसला.

तेव्हा गुणाजी सर बोलले. माझे गुणाजी सर! "ह्या घड्याळात बिघाड असतलो. हल्ली पुढे पळता."

"मग घड्याळ फेका, मास्तर. आणि पोरीला मासे विकायला बसवा."

नेव्हिलने मला वाळूत टाकले. चरा तेव्हाचा.

माझी रवानगी गळ, दोरे आणि जाळे विणायच्या सुया ठेवलेल्या डब्यात झाली. माझ्या जागी क्लॅरिसचा मोबाइल आला. त्याच दोन बांबूंमध्ये त्यानेही सहा पूर्णांक एकच सांगितले. माझी माफी मात्र कोणी मागितली नाही. क्लॅरिसने मान्य केले की ती मंद आहे, आणि धावणे कमी केले. खाऱ्या हवेत गंज धरत मी एकच गोष्ट घोकत राहिले : त्या नेव्हिलला माझा आकडा मोठ्याने वाचावा लागेल.

मग देशाच्या संघाला नवी प्रशिक्षक मिळाली, गार्गी मॅडम. डब्याच्या पत्र्यातून मला गावातली चर्चा ऐकू येई. आता संघ जिंकणार, आता सगळे बदलणार. मी विश्वास ठेवला नाही. आधीचा प्रशिक्षक आला तेव्हाही लोक हेच बोलत होते, आणि त्यानंतरचे सामने संघ हरला. आशेला एकक नसते.

पण या बाईंनी एक वेगळी गोष्ट केली. नाकारलेल्या मुलींचे कागद त्यांनी पुन्हा वाचले. क्लॅरिसच्या कागदावर अंतराच्या रकान्यात त्यांना 'बावीस वाव' दिसले, आणि त्या नेव्हिलला सोबत घेऊन मनोरीला आल्या.

"वाव म्हणजे काय?" त्यांनी विचारले.

सरांनी हात पसरून दाखवले. "असे दोन हात, मॅडम. सहा फूट."

"कोणाचे हात?"

मग सगळ्यांनी रोनाल्डकडे पाहिले. त्याच्या कोणत्याही शर्टाची बाही मनगटापर्यंत पोहोचत नसे, हे गावाला ठाऊक होते.

"नेव्हिल, टेप काढा. शून्याचे टोक तुम्ही धरा."

नेव्हिल वाळूत गुडघ्यांवर बसला. दुसऱ्या बांबूपाशी आकडा आला : त्रेचाळीस मीटर.

"वाट लागली," रोनाल्ड पुटपुटला. "दोन वर्षं पोरीला तीन मीटर जास्त पळवली मी."

"डॅडी, आता रडू नकोस ना," क्लॅरिस म्हणाली. "बांबू हलव."

गार्गी मॅडमनी खऱ्या चाळीस मीटरवर वेळ घेणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे उभी केली. क्लॅरिसने मात्र डबा उघडला, मला किल्ली दिली आणि नेव्हिलच्या हातात ठेवले.

"अंकल, तुम्हीच दाबा. बिघडलेलं आहे ना?"

ती धावली. माझ्या चाकांचे दात गंजले होते, तरी एकही निसटला नाही. नेव्हिलचा अंगठा घामाने ओला होता. मी थांबले. तो काही पुटपुटला.

"मोठ्याने," गार्गी मॅडम म्हणाल्या.

"पाच पूर्णांक सहा."

यंत्रांनी पाच पूर्णांक शहात्तर शतांश दाखवले. हाताने घेतलेली वेळ थोडी कमीच भरते. तेवढी चूक अंगठ्याची, माझी नव्हे. दोन्ही आकडे अटीच्या आत होते. मॅडमनी जागीच क्लॅरिसचे नाव शिबिराच्या यादीत लिहिले.

सरांनी मला धोतराच्या सोग्याने पुसले. "मीच चुकलंय रे बाबा," ते म्हणाले. मी त्यांना अजून पूर्ण माफ केलेले नाही.

मित्रांनो, देशाचा संघ जिंकेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. ते मोजायचे साधन माझ्याजवळ नाही. पण तुमच्या घरी एखादे जुने साधन अप्रिय उत्तर देत असेल, तर ते फेकू नका. त्याला कोरडे ठेवा, अधूनमधून किल्ली द्या, आणि आधी अंतर मोजा. मी आता क्लॅरिसच्या गळ्यात आहे. शिबिरात टेपचे शून्याचे टोक रोज नेव्हिल धरतो. तो वाकला, की मी टिकटिक करते. जरा मोठ्याने.