मलूल हातमोजा

वादळ ह्यूस्टनकडे वळलं, तशी प्रयोगशाळा रिकामी होऊ लागली. मागे राहिले ते भूगर्भशास्त्रज्ञ लव्होनिया टॉलिव्हर आणि पेट्या सांभाळणारे अँब्रोजकाका. चंद्रावरून आणलेले दगड इथे काचेच्या पेट्यांत असतात, आणि पेट्यांतून नायट्रोजन सतत वाहता ठेवतात. पेटीला जडलेले रबरी हातमोजे त्या वायूच्या दाबाने बाहेर ताठ उभे असतात, ओळीने कुणी हात पुढे केल्यासारखे.

शेवटच्या पेटीत लव्होनियाचा पांढरा खडा होता. कोवळा चंद्र म्हणजे वितळलेल्या खडकाचा समुद्र, आणि दुधावर साय धरावी तसा हा पांढरा दगड त्यावर तरंगून आला, असं ती उमेदीची सगळी वर्षं सांगत आली. ती साय कधी धरली, ते खड्यातल्या शिशाच्या कणांवरून कळणार होतं. त्या दगडाचा हा अखेरचा तुकडा. बाहेरची हवा लागली, तर हवेतलं शिसं त्यात मिसळणार, आणि साक्षीदार कायमचा मुका होणार.

"पोरी, तुझा हातमोजा झोपला बघ," अँब्रोजकाका म्हणाले.

वादळात बाहेरचा दाब उतरतो. मोजे उलट जास्त फुगायला हवेत. हा मलूल लोंबत होता. लव्होनियाने बोटाबोटाला साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. काका म्हणू लागले, असेल कुठे बारीकसं भोक, चिकटपट्टी मारू. वर कळवलंस तर खडा डागी ठरेल. चंद्र काही तक्रार घेऊन यायचा नाही, हेही त्यांनी ऐकवलं.

तिचे वडील चर्चमध्ये गाऊन प्रवचन करीत. ऐन रंगात ओळ अर्धी सोडत. पुढचे शब्द समोरच्यांनी द्यायचे. लहानपणी तिला धास्ती वाटायची, कुणीच बोललं नाही तर?

"हवा लागली असेल, काका," ती म्हणाली. "कळवा वर."

काका फोनशी गेले आणि थबकले. शेजारच्या पेटीचा मोजाही खाली कलत होता. मग पलीकडचा. भोक कुठेच नव्हतं. वादळात नायट्रोजनच यायचा थांबला होता, आणि आता बाहेरची हवा आत शिरायला वेळ लागणार नव्हता.

लव्होनियाने मोज्यांत हात घातले, खडा पेटीतल्याच हवाबंद पोलादी डबीत ठेवला आणि झाकण फिरवू लागली. सैल रबर कातडीला बिलगत होतं. वादळाच्या धक्क्याने पायाखालची फरशी बारीक थरथरली. साय किती पातळ असते, ते तिच्याहून कुणाला ठाऊक? ओठांवर वडिलांची ओळ आली, अर्धीच. काकांनी ती पुरी केली.

झाकण गच्च बसलं. तोवर ओळीतले सगळे हात खाली गेले होते.