सोजरबाईला उतरवू द्या

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी शवपेटी आहे. दचकू नका. धूलकोटजवळच्या एका लहानशा चर्चची मी एकुलती एक पेटी. दर वेळी नवी कुठून आणणार? म्हणून मेलेल्या माणसाला माझ्यातून दफनभूमीत न्यायचं, चादरीसकट खड्ड्यात उतरवायचं आणि मला रिकामी परत आणायचं, अशी आमची रीत.

मला निंबोल्याच्या लीलाधर सुतारानं घडवलं. दर शनिवारी मारुतीला तेल घालणारा माणूस तो, पण माझ्या कडांवरून तळहात फिरवून म्हणाला होता, "कोणाले टोचाले नको." खांदा द्यायला गावातले कुणीही चौघे येत. वाद झालाच तर फादर आणि पाटील ओट्यावर बसून चहा घेत, आणि वाद तिथेच मिटे. तेव्हा माझा काय तोरा होता!

आता निवडणुकीनं गावात दोन तट पडलेत, चर्चला जाणारे आणि न जाणारे. काल सकाळी सोजरबाई गेली. तिला माझ्यात ठेवून तिचा मुलगा चुडामण दफनभूमीपाशी पोचला, तर फाटकाला कुलूप. समोर लीलाधरचाच नातू विपुल, हातात कागद घेऊन उभा.

"काका, बस एक साइन करा. चर्च सोडलं, असं लिहून द्या. मग मी खुद खांदा देतो."

चुडामणनं मला परत चर्चच्या अंगणात आणलं. इथेही एकमत नाही. म्हातारी मालूबाई म्हणते सही कर, तरुण पोरं म्हणतात कोर्टात जाऊ. फादरांनी दहा ठिकाणी फोन लावले, कुणी दाद दिली नाही. आज दुपारी ते खालमानेनं म्हणाले, "कर सही, चुडामण. देव कागद वाचत नाही."

"पण आई वाचायची ना, फादर," चुडामण म्हणाला. "तुमच्याच चर्चच्या सिस्टरांनी शिकवलं होतं तिले. आता तिच्यासमोर कसं लिहू?"



बुरहानपूरहून आणलेला बर्फ माझ्या फटींतून ठिबकतोय. चादरीला वास येऊ लागलाय. मी पडले लाकूड, मला ओरडता येत नाही, खड्डाही खणता येत नाही. जीव नुसता तडफडतोय.

मित्रांनो, मोठी माणसं माझं ऐकत नाहीत. पक्ष कुठलाही असो, देव कुठलाही असो, मेलेल्या माणसाला आधी जमीन द्या, मग हवं तेवढं भांडा. उद्या पुन्हा ऊन चढेल. तुमच्या घरच्यांना एवढं तरी विचारा, सोजरबाईला मी कुठे नेऊ?