सूर्य गेला असं कोण म्हणालं

मसला. रोजा आहे हे विसरून कुणी पाणी प्यालं तर?
जवाब. रोजा राहतो. विसरलेल्याला अल्लाहनंच पाजलं असं समजावं.

मसला. चालताना धूळ घशात गेली तर?
जवाब. राहतो. धूळ काही कुणी मागून घेत नाही.

मसला. सूर्य बुडाला असं समजून रोजा सोडला आणि सूर्य बुडालेला नव्हता, तर?

याचा जवाब गावाला उभ्या उभ्या मिळाला, हातात पेले असताना.

*

अहमदपूर तालुक्यातलं हे गाव आधी उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, मग लातूर हा नवा जिल्हा झाला आणि गाव तिकडं गेलं. त्यामुळं मशिदीच्या भिंतीवर रमजानची दोन वेळापत्रकं लटकत होती, एक जुन्या जिल्ह्याचं, एक नव्याचं. दोन्हींत थोडा फरक. गावातली घड्याळं कुणाचीच कुणाशी जुळत नव्हती. संध्याकाळी वीज जायची, मग भोंगा मुका. म्हणून सगळे एकाच गोष्टीवर विसंबून होते. म्हातारा लाडलेसाब मशिदीच्या धाब्यावर चढायचा, पश्चिमेच्या बाभळीमागं सूर्य गेला की नगारा वाजवायचा, आणि गाव रोजा सोडायचं. त्याच्या बापानंही तेच केलं होतं.

लाडलेसाबला बाभूळ दिसत नव्हती.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मागच्या दोन रमजानांत सूर्य पाहिला तो केरबानं. केरबाचं घर मशिदीला लागून. तो आपल्या माळवदावर बिडी ओढत बसायचा आणि हळूच सांगायचा, "गेला बगा, लाडलेभाई. वाजवा." हे त्या दोघांनाच ठाऊक. नगारा गेला असता तर लाडलेसाबकडं गावात उभं राहायला काही कारण उरलं नसतं, एवढं केरबाला न सांगता कळलं होतं.

यंदा केरबा नव्हता. विहिरी आटल्या, जनावरं विकली, आणि तो लातूरला गेला. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या आणि क्वार्टर बांधायचं काम तिथं चाललं होतं. तिथं रोजगार होता आणि नळाला पाणी होतं.

यंदा लाडलेसाब चेहऱ्यावरची उन्हाची धग कमी झाली की वाजवायचा. जरा उशिरानंच वाजवायचा. लोक कुरकुरायचे, "चाचा, सूर्याला घरी पोचवून येता काय?"

*

मसला. पोटात मूल असलेली बाई?
जवाब. सवलत आहे. नंतर ठेवावा.

जैतूननं सवलत घेतली नाही. ती लाडलेसाबची सून. नवरा सोलापूरला कामाला. पोट एवढं पुढं आलेलं, तरी टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहायची.

"नको ठेवू, बेटी," लाडलेसाब म्हणायचा.

"अम्मानं बीमारीत पुरे तीस ठेवले होते. मेरे कू क्या हुआ? तुम चढो ऊपर."

अम्मा म्हणजे लाडलेसाबची बायको चाँदबी. मागच्या रमजानमध्ये तिला उठवत नव्हतं, पण एकही रोजा सोडला नाही. ईद झाली आणि गेली. जाण्याआधी म्हणाली होती, "पुरे केले ना मी?" आणि लाडलेसाब म्हणाला होता, "पुरे केले."

*

त्या दिवशी टँकर आला नाही. पश्चिमेकडून धुळीचा लोट उठला आणि सगळं तपकिरी झालं. लाडलेसाब वर चढला. चेहऱ्याला धग लागेना, पण ती धुळीनं की सांजेनं, कळेना. खाली मशिदीमागच्या आपल्या घराच्या अंगणात जैतून रिकाम्या रांजणाला गाल लावून बसली होती. रांजणाचं बूड अजून ओलसर होतं. तिचं कण्हणं वर ऐकू येत होतं. एकदा आलं. मग आलं. मग बराच वेळ आलं नाही.

गेला असेल, तो मनात म्हणाला.

गेलाच असेल.

आणि त्यानं नगारा वाजवला.

घराघरांत पेले तोंडाला लागले. आणि धूळ फाटली. सूर्य बाभळीच्या वर हातभर, लालभडक, सगळ्यांकडं बघत उभा.

"थांबा!" मुल्लासाब, मशिदीचे इमाम, दारातून ओरडले. "आता काही घेऊ नका! तोंडातलं थुंका!"

कुणी थुंकलं. कुणी गिळून बसलं होतं. चौकात माणसं अर्धे पेले हातात धरून उभी राहिली, सांडू नये म्हणून हात न हलवता. पानपट्टीवाला दस्तगीर धाब्याकडं बघून म्हणाला, "वा चाचा! रोज सूर्याला पोचवायला जात होतात, आज वाटेतच सोडून आलात!"

कुणी हसलं नाही.

*

जवाब. रोजा गेला. मुद्दाम केलं नाही म्हणून कफ्फारा, म्हणजे दंडाचे साठ रोजे, नाही. पण सूर्य बुडेपर्यंत तसंच उपाशी राहावं, आणि रमजाननंतर त्या दिवसाचा रोजा पुन्हा ठेवावा. कजा.

मुल्लासाबांनी हे शांतपणे सांगितलं. मग लाडलेसाबला बाजूला घेतलं. "तुमच्या नजरेला काय झालंय?"

"धूळ होती."

"कधीपासून आहे ही धूळ?"

मुल्लासाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मागचे रोजे झाले. पुऱ्या यकीननं सोडले, ते झाले. त्यात शक घालू नका. नगारा उद्यापासून दस्तगीर वाजवील."

नगारा गेला ते लाडलेसाबनं ऐकलंसुद्धा नाही. त्याच्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. आज मी का वाजवला? जैतूनची दया आली म्हणून. मग मागच्या साली चाँदबी ओट्यावर पडलेली असायची. केरबाच्या माळवदावरून ओटा सरळ दिसतो. केरबा दगडाचा माणूस नाही. केरबा म्हणायचा, गेला बगा, वाजवा.

गेला होता का?

तिच्या नावानं फिदया द्यावा, एकेका रोज्याचं धान्य एकेका गरिबाला. पण कणगीत धान्य नव्हतं. आणि असतं तरी, ते देणं म्हणजे तिला सांगणं की तुझे पुरे झाले नव्हते.

*

मसला. प्रवासात?
जवाब. लांबच्या प्रवासाला सवलत आहे. लातूर तेवढं लांब नाही.

तो रोजा ठेवूनच एसटीत बसला. लातुरात विचारत विचारत दुपार सरली. क्वार्टरच्या बांधकामावर केरबा सिमेंटच्या पाट्या वाहत होता. आवाजावरून लाडलेसाबनं ओळखलं.

"आरं! लाडलेभाई! वाट चुकलाव का काय?" केरबानं पाटी टाकली. "पाणी तर विचारता येत न्हाई तुमाला. बसा सावलीला. जैतून कशी हाय?"

"हाय. केरबा, एक विचारायचंय. खरं सांग."

"इचारा की."

"मागच्या साली तू गेला म्हणायचास, तवा सूर्य गेलेला असायचा?"

*

जवाब, पहिला. केरबा हसला. "आता काय सांगू तुमाला! भाबीचे हाल बघवत नव्हते. कंदी थोडी किनार ऱ्हायलेली असल. अल्ला काय एवढ्याशा किनारीसाठी भांडतोय व्हय!"

मग त्यानं लाडलेसाबचा चेहरा पाहिला.

जवाब, दुसरा. "न्हाई, न्हाई. मस्करी केली. पुरा गेलेला असायचा. पुरा. येक बी दिवस आधी न्हाई सांगितलं. पोरांची शपथ."

"पहिलं खरं का दुसरं?"

"दुसरं. दुसरंच."

"हे बी दया येऊन सांगतोस?"

"आता काय करू, लाडलेभाई? काय म्हनलं म्हंजे तुमाला पटल?"

केरबा लाडलेसाबच्या शेजारी बसला. बिडी काढली आणि न पेटवता परत खिशात ठेवली.

*

संध्याकाळी लातूरच्या एका मशिदीतून अजान आली. मग दुसरीतून. मग लांबून तिसरी. लाडलेसाबनं खिशातला खजूर हातात घेतला.

"गेला," केरबा म्हणाला. "ह्या बारीला तर अख्खं शहर सांगतंय. सोडा आता."

"तू बघितलास?"

"बघितला."

मसला. सूर्य बुडाल्यावर रोजा सोडायला उशीर केला तर?
जवाब. मकरूह. उशीर करू नये.

हे त्याला पाठ होतं. त्यानं मान वर करून पश्चिमेकडं पाहिलं. अंधार दिसला. पण तो त्याला दुपारपासूनच दिसत होता.

केरबा नळावर जाऊन जर्मनचा तांब्या भरून घेऊन आला आणि त्याच्यासमोर धरला. पाण्याचा गार वास आला. लाडलेसाबनं तांब्या घेतला, मांडीवर ठेवला, आणि दोन्ही हातांनी धरून तसाच बसून राहिला.