शुक्रवारची गादी

"कापू का?" आल्दोनाने कटर उंच धरून विचारलं.

"काप बाई एकदाचं, पाय भरून आले!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

दर शनिवारी सकाळी हे असंच चालायचं. जर्मनीतल्या लोकांनी घरबसल्या मागवलेल्या आणि मग नाकारलेल्या वस्तू, कुणाला रंग पटला नाही म्हणून, कुणाला माप बसलं नाही म्हणून, ढिगाने विकायला निघतात. आल्दोनाचा नवरा झेनोन असे काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले ढीग सरहद्दीच्या नदीपलीकडून व्हॅनमध्ये घालून पोलंडमधल्या गुबिनला आणायचा. आत काय आहे ते विकणाऱ्याला माहीत नसायचं आणि घेणाऱ्यालाही नाही. आल्दोना ते प्लास्टिक गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत कापायची, कारण गावात अशी आणखी दोन दुकानं होती आणि तिथले मालक चांगलं ते आधीच बाजूला काढतात अशी बोलवा होती. एकदा तिच्याबद्दलही कुणीतरी तशी पुडी सोडली होती. तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला आणि तिने लाल रंगाचा डबा आणून भिंतीवर हातभर अक्षरांत लिहून टाकलं: 'दुकानातली माणसं फक्त शुक्रवारी, बंद होताना, उरलेलं घेतील.'

शनिवारी कुठलीही वस्तू पन्नास झ्लॉटी. रविवारी दुकान बंद. मग भाव रोज उतरत उतरत शुक्रवारी पाचवर यायचा. त्यामुळे निम्मं गाव शनिवारी नुसतं बघायला यायचं आणि आवडलेली वस्तू माल ठेवायच्या लाकडी हौदाच्या तळाशी, पडद्यांखाली नाहीतर एकेकट्या बुटांखाली पुरून जायचं. शुक्रवारी येऊन पाच झ्लॉटीत काढून न्यायचं. या पुरापुरीची आल्दोनाला भयंकर चीड. मागच्याच महिन्यात बोगदानने उश्यांच्या अभ्र्यांखाली दडवलेलं ड्रिल मशीन तिने सगळ्यांसमोर उपसून काढलं होतं. बोगदान तिचा शाळासोबती, पण तिने मुलाहिजा ठेवला नाही.

"मांजरासारखं झाकून ठेवतोस रे! लाज नाही वाटत?"

"मांजर निदान परत येऊन उकरत नाही," बोगदान म्हणाला होता आणि सगळं दुकान हसलं होतं.

तर या शनिवारी प्लास्टिक कापलं. वरच वॉफल करायची तीन यंत्रं, मांजराला चढायचं झाड, मग पडद्यांचा डोंगर. हातांची झुंबड उडाली. आल्दोना खालची खोकी उपसून हौदात टाकत होती, आणि एक जड गुंडाळी तिच्या हातात आली. निळं रबरी कापड, दोन नळ्या आणि पायाकडे अडकवायचा पंप. वरचं चित्र तिने लगेच ओळखलं.

ती कुशीवर वळवणारी गादी होती. एका बाजूला हवा भरते, माणूस हळूच कलतो. मग ती बाजू रिकामी होऊन दुसरी भरते. झिएलोना गुरा शहराच्या इस्पितळात आल्दोनाने ती पाहिली होती, वैद्यकीय वस्तूंच्या दुकानात फोन करून किंमत विचारली होती आणि ऐकून फोन ठेवून दिला होता. तिची आई स्तेफानिया वर्षभर अंथरुणाला खिळलेली. दर तीन-चार तासांनी तिला कुशीवर करायचं, नाहीतर पाठ सोलपटते. घरी साधी हवेची गादी होती, पण ती वळवत नाही. वळवायचं आल्दोनाने. दुपारी गल्ल्याला कुलूप लावून, दुकान गिऱ्हाइकांच्या भरवशावर सोडून धावत घरी, तिसऱ्या मजल्यावर, आईला वळवायचं, तिच्या तोंडात काकडीच्या सुपाचे चार चमचे घालायचे आणि पुन्हा धावत दुकानात. झेनोन माल आणायला गेला की दोन दोन दिवस येत नसे.

तळमजल्यावरच्या गेनोवेफाबाईंनी कितीदा सांगितलं होतं, "किल्ली देऊन ठेव गं पोरी, दुपारचं मी बघीन." बेकरीत कणीक तिंबून कमावलेले त्यांचे हात अजून मजबूत होते. पण त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. आईच्या पाठीची बातमी तासाभरात जिना उतरून बाजारात पोचली असती.

"नको हो, आमचं आम्ही बघतो," आल्दोना दर वेळी सांगायची. कुणापुढे हात पसरायचा नाही, यापलीकडे तिला आयुष्यात फारसं काही येतच नव्हतं.

आणि आता ती गादी तिच्या हातात होती. मागे रांग, समोर भिंतीवर स्वतःच्याच हातची लाल अक्षरं. पन्नास झ्लॉटी तिच्या खिशात होते, पण घ्यायची सोय नव्हती. आज तिने ती काउंटरमागे ठेवली असती तर संध्याकाळपर्यंत गाव म्हणालं असतं, बघा, हीसुद्धा त्यातलीच.

तिने गुंडाळी हौदात टाकली. मग पडदे नीट करायचं निमित्त करून ती तळाशी ढकलली आणि वर चार पडदे ओढले. कान तापून लाल झाले होते. दुकानात नियम होता, विजेची वस्तू काउंटरवरच्या प्लगला लावून बघा, मग घ्या. दिवसभरात ती शंभरदा ओरडायची, "लावून बघा, नंतर माझ्या नावाने बोंबलू नका!" आज मात्र पंपाकडे दुसऱ्यांदा बघायचीही तिची हिंमत झाली नाही.

सोमवारी सकाळी ती सरळ त्या हौदापाशी गेली. पडदे होते, गादी नव्हती.

तिने एकेक हौद उपसला. शेवटी बाळांच्या कपड्यांच्या हौदात, दुपट्यांखाली, निळं कापड लागलं. म्हणजे कुणीतरी ती शोधली होती आणि शुक्रवारसाठी स्वतःची म्हणून पुरून ठेवली होती! आल्दोनाचं पित्त खवळलं. तिने ती उचलून बुटांच्या हौदात दाबली. मंगळवारी ती बुटांतून उठून स्वयंपाकाच्या भांड्यांत गेलेली. बुधवारी भांड्यांतून टोप्यांत. दुकानात कुणी वाकलं की आल्दोनाची मान तिकडे वळायची. सुटे पैसे चुकत होते, गिऱ्हाइकाने साधा भाव विचारला तरी ती खेकसत होती. आणि मनात एकच होतं, शुक्रवारपर्यंत काढायचं, मग सुटलो.

या 'शुक्रवारपर्यंत'पायी तिने एक गोष्ट केली. मंगळवारी दुपारी दुकान सोडून गेलं तर मागे कुणी गादी नेईल, म्हणून ती घरी गेली नाही. बुधवारीही नाही. आईच्या माकडहाडावर लालसर डाग होता तो तिला माहीत होता. दोन दिवसांनी काय होतंय, तिने स्वतःला समजावलं.

"आजही दुपारी आली नाहीस?" बुधवारी संध्याकाळी स्तेफानियाने विचारलं.

"कामं असतात गं आई. परवा बघ, तुला असं मशीन आणते की माझी गरजच नको."

"मशीन बोलतं का?"

"आई, नको ना आता!"

आल्दोनाने तिला भराभरा वळवलं, जरा जास्तच जोरात.

गुरुवारी बोगदान टोप्यांच्या हौदात कोपरापर्यंत हात घालून उभा दिसला आणि आल्दोनाचा संयम सुटला. तिने त्याच्या हातातली टोपली हिसकावली आणि काउंटरवर उपडी केली. आतून मोज्यांची जोडी आणि एक गाळणी निघाली.

"काय शोधतेस?" बोगदान शांतपणे म्हणाला.

"तुला माहितेय काय शोधते!"

"मला माहितेय. तुला माहितेय का, की मला माहितेय?"

"उगाच कोड्यात बोलू नकोस. टोप्यांना हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

"बरं. डोकं उघडं ठेवून फिरतो," असं म्हणून त्याने मोजे उचलले आणि पैसे ठेवून तो गेला.

त्याच दुपारी झिएलोना गुराहून दोन तरुण दलाल आले. असे लोक फोनवर प्रत्येक वस्तूची किंमत बघतात आणि मोलाचं ते उचलून दुप्पट भावात विकतात. एकेक हौद खाली करत ते टोप्यांकडे सरकले. आल्दोना काउंटरवर अडकलेली, समोर गिऱ्हाईक पडद्याची लांबी मोजून मागत होतं. तिला वाटलं, संपलं. तेवढ्यात गेनोवेफाबाई टोप्यांच्या हौदावर जाऊन बसल्या. हौदाच्या काठावर नव्हे, टोप्यांवरच.

"आजी, जरा सरकता का?" एक दलाल म्हणाला.

"चक्कर आलीय रे बाळा. रक्तदाब. पाणी आण."

पाणी आलं. मग त्यांना खिडकी उघडून हवी होती. मग बंद करून हवी होती. मग त्यांनी आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट सुरू केली, ती अगदी दवाखान्याच्या दारापासून. अर्ध्या तासाने ते दलाल कंटाळून वॉफलचं एक यंत्र घेऊन निघून गेले. आल्दोनाला सुटल्यासारखं झालं, पण म्हातारीच्या नाटकांचा रागही आला. दुकानात एवढी गर्दी असताना हिला इथेच बसायला सुचलं!

शुक्रवार संध्याकाळ. दुकान बंद व्हायला आलं तरी दहाबारा माणसं उगाच रेंगाळत होती. आल्दोनाने घंटी वाजवली, टोप्यांच्या हौदात हात घातला आणि निळी गुंडाळी बाहेर काढली. मग ती पाकिटात पाचची नोट शोधत बसली. पोलंडमध्ये पाचची नोट नसते हेही तिला त्या क्षणी सुचत नव्हतं. शेवटी सगळ्यांना दिसेल असं पाचचं नाणं तिने गल्ल्यात टाकलं.

"घेतलीस एकदाची!" बोगदान मोठ्याने म्हणाला. "रोज हलवून हलवून माझी कंबर गेली."

"काय?"

"अगं, शनिवारी तू पडद्याखाली ढकलताना मी पाहिलं. त्या विद्येत मी मुरलेला आहे. पण तुझं पुरणं अगदीच कच्चं. एक नळी बाहेर लोंबत होती."

"मंगळवारी बुटांतून मी काढली," औषधाच्या दुकानातली बाई म्हणाली. "बूट सगळे उचकतात, तिथे काय राहणार होती?"

"आणि मी काल अर्धा तास अंडी उबवली," गेनोवेफाबाई म्हणाल्या.

लोक हसले. प्रेमाने हसले, पण आल्दोनाला ते हसू तोंडात मारल्यासारखं लागलं. म्हणजे आठवडाभर सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. तिची आई, आईची पाठ, तिची चोरी. जिच्यापायी तिने भिंत रंगवली ती अब्रू हे लोक टोप्यांखाली सांभाळत बसले होते, आणि वरून तिची कीव करत होते!

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" ती ओरडली. "मी मागितलं होतं काही? चला, निघा, दुकान बंद झालंय!"

हसणं थांबलं. लोक एकेक करून बाहेर पडले. बोगदानने जाताना दार हळू ओढून घेतलं, त्याचा तिला आणखीच राग आला.

घरी झेनोन आलेला होता. दोघांनी मिळून आईला खुर्चीत बसवलं, निळी गादी पसरली, पंप पलंगाच्या पायाकडे अडकवला आणि प्लग लावला. पंप गुरगुरला. उजवी बाजू छान फुगली. सगळे डावीकडे बघत राहिले. डावी बाजू थोडी उचलली गेली आणि सुस्कारा टाकून खाली बसली. झेनोनने कान लावला, हात फिरवला. शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवलेली होती.

"म्हणूनच परत पाठवलीय कुणीतरी," तो म्हणाला. "दुकानात लावून नाही बघितलीस?"

झेनोनने सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवून बघितले. ते निघाले. तिने पंपाला लाथ घातली, अंगठा ठेचला, आणि मग पलंगाच्या कडेला बसून ती रडली. दुखतंय म्हणून नव्हे. आठवडाभर ती या रबराच्या मागे वेडी झाली होती आणि त्यासाठी आईला टाकून दुकानात पहारा देत बसली होती, म्हणून.

"कितीला पडली?" खुर्चीतून स्तेफानियाने विचारलं.

"पाच झ्लॉटी."

"मग एवढं काय त्यात?" म्हातारी म्हणाली. "मला आडवं कर आता. खाली आग होतेय."

त्यांनी साधी गादी घालून तिला कुशीवर निजवलं. आल्दोनाने गाऊन वर केला आणि तशीच थांबली. मग गाऊन खाली ओढून ती जिना उतरून तळमजल्यावर गेली.

गेनोवेफाबाईंनी दार उघडलं. एका हातात अर्धा सोललेला बटाटा होता.

"मघाशी मी ओरडले," आल्दोना म्हणाली.

"ऐकलं ना. सगळ्या गल्लीने ऐकलं."

"उद्यापासून दुपारी वर याल का? आईला कुशीवर करायला?" हे म्हणताना तिचा आवाज असा निघाला की तो तिलाच ओळखू येईना. तिने किल्ली पुढे केली.

गेनोवेफाबाईंनी किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. "येईन. शनिवारी मला रांगेत पुढे सोडशील?"

"नाही."

"बरं बाई, विचारून बघितलं." त्यांनी बटाटा ठेवला. "उद्याचं उद्या. आत्ता बघू दे तिला."

तीन मजले चढून त्या वर आल्या, स्तेफानियाच्या गालाला हात लावला आणि गाऊन वर केला. लाल डागाची जागा उघडी पडली होती. मधोमध ओलं, कडा काळसर. आल्दोना भिंतीला टेकून उभी राहिली आणि त्या काय म्हणतात त्याची वाट बघू लागली.

गेनोवेफाबाईंनी बाह्या वर सारल्या. मग त्यांनी तळवे एकमेकांवर घासून ऊबदार केले.

"ये," त्या म्हणाल्या, "खांद्याकडून तू धर."