पहिल्या दहा सेकंदांचा चेहरा

मी एक जुना प्लास्टरचा पुतळा आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना पुतळे छाती पुढे काढतात. माझी छाती पुढेच आहे, कारण मला घडवलंच तसं. पण मी मान खाली घालून बोलतो आहे असं समजा.

चीनच्या उत्तरेला, जिथे नदी चार चार महिने गोठून असते, तिथल्या एका फिल्म स्टुडिओचं मी बोधचिन्ह. माझ्याआधी चित्रपटाच्या सुरुवातीला नुसती रंगवलेली पाटी दाखवत. एका हिवाळ्यात ती तडकली, तेव्हा वरच्या साहेबांना वाटलं की आता काहीतरी भारदस्त हवं. मग तोंग मास्तरांनी मला घडवलं. एका हातात जोंधळ्याची कणसं, दुसऱ्या हातात फिल्मचं रीळ, आणि चेहरा नी शुफेनचा. ही बाई स्टुडिओत फिल्म धुण्याच्या खोलीत कामाला होती. गालाची हाडं रुंद, वरचे दात जरासे पुढे.

"तोंड मिटून हस की," तोंग मास्तर म्हणायचे.

"मिटतच नाही, मास्तर. आईनं असंच पाठवलंय," ती म्हणायची आणि आणखी हसायची. मास्तरांनी दात तसेच ठेवले.

मला एका गोल पाटावर उभं केलं. खाली दोघे जण बसून सायकलच्या साखळीने तो पाट फिरवायचे. मागून प्रकाशाचे झोत, वर तुताऱ्या. दहा सेकंदांत मी वळून प्रेक्षकांकडे बघायचो आणि चित्रपट सुरू व्हायचा. हे एकदाच चित्रित केलं आणि तोच तुकडा प्रत्येक चित्रपटाच्या डोक्याला जोडला. पडद्यावर जिथे जिथे मी झळकायचो तिथलं मला सगळं दिसायचं. लोक टाळ्या वाजवायचे. टाळ्या आता चित्रपट लागणार म्हणून असत, पण मला वाटे त्या माझ्यासाठीच, आणि मी फुगत गेलो.

मग अशी वर्षं आली की शेजारी शेजाऱ्याशी बोलताना आधी दार लावून घेऊ लागला. शुफेनच्या मामाने परदेशातून एक पत्र पाठवलं होतं. एवढाच तिचा गुन्हा. तिला दूर डोंगरातल्या शेतावर धाडलं. नवरा आधीच वारलेला, म्हणून तिची सात वर्षांची मुलगी मिन आजीकडे राहिली. झडतीच्या धास्तीने आजीने घरातले सगळे फोटो चुलीत घातले. आईचा चेहरा उरला तो फक्त माझ्यावर. दर रविवारी दुपारी आजी मिनला कामगारांच्या सभागृहात आणायची. पोर दहा सेकंद पापणी न हलवता बघायची, आणि मग खुशाल सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायची. चित्रपट कोणता आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

ही गोष्ट स्टुडिओच्या समितीचे प्रमुख ग्वान यांच्या कानावर गेली.

"जिला आपण हाकललं, तीच अख्ख्या शहरापुढे दात काढून उभी? मास्तर, दोन दिवसांत चेहरा बदला. नाहीतर तुमचाही चेहरा इथे दिसायचा नाही," ते तोंग मास्तरांना म्हणाले.

मास्तरांना तीन मुलं होती. त्यांनी कानस घेतली, माझे दात घासले, गालाची हाडं उतरवली. झाला तो चेहरा भिंतींवरच्या प्रचारचित्रांतल्या बायकांसारखा होता, सुबक आणि कोणाचाच नाही. मी त्या वेळी तडकू शकलो असतो. त्यांनी दुसरा पुतळा केला असता, हे खरं. पण तो मी नसतो. उलट, आपण आता जास्त देखणे दिसतो म्हणून मी मनातून सुखावलो. मित्रांनो, हे सांगताना आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

नवा तुकडा चित्रित झाला. जुन्या चित्रपटांची रिळंही परत मागवून त्यांची डोकी कापली आणि तिथे तो जोडला. कापायला बसल्या त्या शुफेनच्याच मैत्रिणी. एकमेकींकडे न बघता त्या कात्री चालवत राहिल्या. कापलेले तुकडे अंगणात जाळले.

पुढच्या रविवारी मिन बाकावर उभी राहिली.

"आजी, आई कुठंय?"

आजीने तिच्या तोंडावर हात दाबला. "हीच आहे. बस खाली."

"ही नाही," हाताच्या फटीतून ती म्हणाली. "ही मला ओळखत नाही."

पुढच्या रांगेतलं कोणीही मागे वळलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच वळलं नाही. मी त्या पोरीकडे बघून पुरे दहा सेकंद हसत होतो. त्यानंतर ती सभागृहात आली नाही. दोन हिवाळ्यांनी शुफेन तिकडेच तापाने गेली.

दिवस पालटले. शुफेन निर्दोष होती असा कागद निघाला, पण माझ्या चेहऱ्याचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. रंगीत चित्रपट आले तेव्हा मात्र मला कोणता सोनेरी रंग द्यावा यावर तीन बैठका झाल्या. पुढे माझ्यामागे हिरव्या-जांभळ्या रेघा नाचवल्या. लग्नाच्या वरातीतल्या घोड्यासारखा मी नटलो होतो. मग गोदामात गेलो.

एके दिवशी च्याओ नावाची तरुण मुलगी मला मोजायला आली. आता संगणकावर नवं चिन्ह करायचं होतं. तिच्याबरोबर केस पिकायला लागलेली एक बाई होती. ती मिन होती.

"नव्या चिन्हात माझ्या आईचा खरा चेहरा घाला," मिन म्हणाली. "दुसरं काही मागत नाही."

"फोटो आहे का, मावशी?"

"असता तर तुझ्या दारात आले असते का?"

मग तोंग मास्तरांना बोलावलं. वय ऐंशीच्या घरात. मिनला बघून ते रडले, आणि माती मागून घेतली. तीन दुपारी ते बसले. बोटांखालून चेहरा उमटत गेला. तो सुबक चेहरा मी ओळखला. शुफेनला त्यांनी एकच महिना समोर बसवलं होतं. कानशीने केलेला चेहरा मात्र पुढे कित्येक वर्षं भीतीने रोज तपासला होता. हातांना आता तोच येत होता.

मिनने बराच वेळ बघितलं.

"काका, अशीच होती?"

"हुबेहूब," मास्तर म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

तिने मातीच्या गालावर हात ठेवला. "हो," ती हळूच म्हणाली. "आता आठवली."

शहरातल्या प्रत्येक चित्रपटाआधी आता तोच चेहरा लखलखतो. मिन आपल्या नातीला मांडीवर घेऊन दाखवते, "ही तुझी पणजी." नात पडद्याकडे बघून हात हलवते.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसायला कोणी येऊ नका, ती माझ्या अंगावर शोभते. पण आज घरी गेल्यावर आपल्या माणसांकडे नीट बघून घ्या. आणि कोणी कोणाचा चेहरा पुसायला निघालं, तर त्याच दिवशी बोला. शुफेनचे दात कसे होते हे आता जगात मला एकट्यालाच माहीत आहे, आणि मला बोलता येत नाही.