आत्ममण्याचा होकार

भामा गेली हे कमळाकरला पळस्पे फाट्यावर फोनवर कळलं. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली होती. दुपारी ती नव्हती.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. "वयनी, पोरीचं लगीन वर्साच्या आत लावू!" असंही भाऊबंदांनी ओरडून पाहिलं. कावळा झाडावरून हलला नाही. शेवटी दर्भाचा कावळा लावला. पण बायकोची काहीतरी इच्छा अडकली आहे, हे कमळाकरच्या मनातून जाईना.

म्हणून त्याची बहीण शशिकला त्याला मेलेल्यांशी बोलणाऱ्या ज्योतमहाराजांच्या दरबारी घेऊन आली. पनवेलमधलं मंगल कार्यालय, दारात चपलांचा ढीग, आत पाय ठेवायला जागा नाही.

"आत्मा म्हणजे ऊर्जा! सायन्सपण हेच बोलतं!" महाराज माइकवर गरजले. सायन्स असं कधी बोललं, हे कोणी विचारलं नाही.

समोर हिरवा लेसर बसवलेला. महाराजांनी ओम काढलेली तांबडी चौकोनी काच कपाळाला लावून लेसरपुढच्या खाचेत ठेवली. हा त्यांचा आत्ममणी: भिंतीवर वर्तुळं उमटली की आत्म्याचा होकार, नुसता ठिपका राहिला की नकार.

"भामाबाई, पोरीचं लग्न यंदाच करायचं?"

भिंतीवरचा हिरवा ठिपका थरथरला आणि त्यातून वर्तुळं उमलली, एकात एक.

"की शिक्षण संपेपर्यंत थांबायचं?"

मणी पुन्हा कपाळाला, पुन्हा खाचेत. ठिपका ठिपकाच राहिला.

"नाय म्हनते रे दादा!" शशिकला रडायला लागली. लग्नासाठी मुलगाही महाराजांनीच सुचवला, शिष्याचा पुतण्या.

सोबत आलेली कमळाकरची मुलगी प्राची एम.एस्सी.ला फिजिक्स शिकत होती. ती भिंतीकडे नाही, महाराजांच्या हाताकडे बघत होती.

"पप्पा, काचेवरचा ओम उभा असला की हो. आडवा असला की नाही."

"तुला लगीन नको, म्हनून बोलतेस."

"मग तुम्हीच ठेवा. ओम उभा ठेवा आणि काहीही विचारा."

कमळाकर उठला.

"पापी हात लावू नकोस!" महाराज ओरडले.

"माज्या बायकोशी बोलाया माजाच हात पापी?"

मागून हशा आला. "इचारू द्या की त्याला!"

त्याने ओम उभा ठेवला.

"भामा, तू जिती हायस ना?"

ठिपका थरथरला. वर्तुळं उमलली, मघासारखीच सुंदर.

कमळाकरने दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"आत्म्याचा सिग्नल डिस्टर्ब झालाय," महाराज पुटपुटले.

प्राचीने काच उचलली. "या दोन काचा आहेत. मध्ये मोबाइलच्या स्क्रीनमध्ये असतं तसलं द्रव आणि थोडा रंग. द्रवाचे रेणू पेंढीतल्या काड्यांसारखे एका दिशेला असतात. लेसरचा प्रकाश त्याच दिशेने कंप पावत असला की रंग तो शोषतो आणि काड्यांची रांग विस्कटते, मधोमध जास्त, कडेला कमी. त्यामुळे मधला प्रकाश आणि कडेचा प्रकाश पुढेमागे होतात, आणि भिंतीवर वर्तुळं पडतात. काच आडवी केली की रंग प्रकाश फारसा शोषत नाही. मग ठिपका. आमच्या लॅबमध्ये रोज दिसतं हे."

कोणी मेलेल्या माणसाचा निरोप आणून देत असेल, तर त्याला आधी असा प्रश्न विचारावा, ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे. कमळाकरने विचारला, म्हणून ते लग्न टळलं.

महाराज आता उरणजवळ करंजा गावात बसतात म्हणे. पोलिसांत तक्रार द्यायची राहिली आहे. आणि प्राचीला स्वतःला काय हवं आहे, हे कमळाकरने अजून तिला विचारलेलं नाही.